नावाड्यावर विश्वास ठेवणारीच्या नावे

मी, श्रीमती प्रेमलता विद्याधर चुरी, वय वर्षे ६९, व्यवसाय बागायत, राहणार भुईगाव, तालुका वसई, जिल्हा पालघर, हे मृत्युपत्र कोणाच्या दडपणाशिवाय, सकाळचा चहा घेऊन, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. दर रविवारी पाच माणसांना राक्षसांच्या राज्यात हिंडवणाऱ्या बाईला असा दाखला लागतोच, असे माझ्या नणंदेचे म्हणणे आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. यजमानांनी माझ्या नावे केलेले राहते घर माझा एकुलता मुलगा अनिश यास द्यावे. त्याने दारचा आंबा तोडू नये.

२. केळीची वाडी आणि पंप अनिश व सून हेमांगी यांना निम्मा-निम्मा. माझा कोयता मात्र हेमांगीला. तिला घड उतरवता येतो, अनिशला फक्त केळी खाता येतात.

३. नणंद लतिकाताई यांना सासूबाईंचा बिडाचा तवा. तो त्यांनी १९९८ सालीच नेला आहे. आता तो रीतसर त्यांचा झाला.

४. आता खरी मिळकत. वाडीतल्या बावखलाच्या, म्हणजे गोड्या पाण्याच्या तळ्याच्या, काठची पडवी, तिथले लांब टेबल, माझी खुर्ची, वीस बाजूंचा पितळी फासा आणि खेळाच्या अकरा वह्या.

कोर्टाला उलगडा व्हावा म्हणून लिहिते. हा खेळ कागद, पेन्सिल आणि फासे घेऊन बसल्या जागी खेळतात. प्रत्येक जण एकेका पात्राच्या वतीने बोलतो. मी खेळ चालवते, म्हणजे बाकी सगळे जग माझे. कडक नियम एकच. खेळणाऱ्याला ठाऊक असले, तरी जे त्याच्या पात्राला ठाऊक नाही, त्याच्या जोरावर पात्राने पाऊल टाकायचे नाही.

खेळ कॉलेजातून अनिशने घरी आणला, त्यामुळे माझ्यामागे खुर्ची त्याचीच, असे तो धरून चालला आहे. म्हणून हे कलम लांबणार.

२०१९ साली, गणपतीनंतरच्या शनिवारी, मी सातवी वही स्वयंपाकघराच्या ओट्यावर विसरले. गॅसचे पुस्तक शोधताना हेमांगीने उघडे पान वाचले: नदीवरचा नावाडी फितूर आहे. ती तशीच वाडीत माझ्याकडे आली.

"आई, मी वाचलं. उद्या मी खेळत नाही."

मी म्हटले, "तू वाचलंस. रत्नावतीने कुठे वाचलंय?"

रत्नावती म्हणजे तिचे पात्र, एक वैदीण. पाच वर्षे तिने ते जिवापाड जपले होते.

त्याच दिवशी अनिशही त्या ओट्यापाशी उभा राहून चहा पिऊन गेला होता. रविवारी नदीकाठी त्याचा शूर सेनापती, ज्याने कधी पूर पाहून पाय मागे घेतला नव्हता, एकाएकी म्हणाला की मी चार कोस चालून पुलावरून येतो. मी काय ते ओळखले आणि त्याला पुलावरून जाऊ दिले.

मग हेमांगीची पाळी आली. "याच्या लेकीचा ताप मी उतरवलाय," ती म्हणाली. "माझा याच्यावर विश्वास आहे." आणि रत्नावती नावेत बसली. नदीच्या मध्यावर नावाड्याने तिला लोटून दिले.

अनिश हसला, तिला भोळी म्हणाला, आणि अजून म्हणतो. आपल्याला ठाऊक होते, असे तिने एकदाही सांगितले नाही. तेव्हापासून ती किरकोळ पात्रे घेते आणि आपल्याला हा खेळ धड येत नाही म्हणते.

हेमांगी, तुझ्याइतका तो आमच्यात कोणालाच आलेला नाही. त्या दिवशी सगळे गेल्यावर मी पडवीत एकटी नाचले, हे येथे कबूल करते.

सबब कलम ४ मधील सर्व मिळकत एकट्या हेमांगीची. अनिशला हरकत घ्यायची असल्यास त्याने सेनापतीला पाण्याची भीती कधीपासून वाटू लागली, हे आधी लेखी द्यावे. खेळायला मात्र त्याने यावे. त्याच्यावाचून टेबल सुने वाटेल.

५. सातव्या वहीची शेवटची दोन पाने मी खळीने चिकटवून ठेवली आहेत. ती हेमांगीनेच उघडावीत. मजकूर त्याच रविवारचा आहे. नावाड्याच्या बायकोने खालच्या वळणावर जाळे टाकले होते. लेकीचा ताप उतरवणारी बाई तिने ओळखली आणि काठावर ओढून घेतली.

रत्नावती जिवंत आहे. तू कधी विचारले नाहीस, आणि खेळ चालवणाऱ्याने आपणहून सांगायचे नसते. तुला हे आज कळते आहे. तिला त्या रविवारपासूनच ठाऊक आहे.

साक्षीदारांनी मला सही करताना पाहिले आहे, मजकूर वाचलेला नाही. स्टीवन आमच्यात खेळतो, त्यामुळे तो आल्याआल्याच म्हणाला, "काकी, कागद झाका, सहीपुरताच दाखवा." माझी शिकवण वाया गेलेली नाही.

ठिकाण: भुईगाव
दिनांक: २५ जानेवारी २०२६, रविवार, खेळ सुरू होण्याआधी

लिहून ठेवणार: प्रेमलता विद्याधर चुरी (सही)

साक्षीदार:
१. स्टीवन तुस्कानो (सही)
२. लूर्डस डाबरे (सही)