टॅकेटांचे वासरू आणि आमचे कुंपण

मी, एफ्राइम लॉक्रिज, वय वर्षे एकोणऐंशी, राहणार सेजवेल खोरे, वायोमिंग, कानाने मंद परंतु बुद्धीने शाबूत असताना, कोणाच्याही दडपणाविना हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे.

कलम १. घर, गुरे व शिल्लक रक्कम माझी एकुलती कन्या लॅविनिया हिला मिळावी. चूल धुरकट आहे हे तिचे म्हणणे मला मान्य नाही. ती बदलण्यास मात्र हरकत नाही.

कलम २. माझे शब्दकोश व व्याकरणाची पुस्तके शाळेस द्यावीत. त्यांचा दाराला अडसर म्हणून उपयोग करू नये.

कलम ३. शेजारी ज्यूबल टॅकेट यांच्याशी आमचे अठ्ठावीस वर्षांचे वैर कशामुळे, ते नमूद करतो. त्या वसंतात आमच्या गाईचे वासरू दगावले. माझा दिवंगत बंधू सायलस याने रीतीप्रमाणे त्याचे कातडे एका पोरक्या वासराला बांधले; वासाने फसून गाईने त्याला पाजले. ते वासरू ज्यूबलचे होते. हिमवादळात चुकून आले होते, न पाजते तर मेले असते. हे आम्हा दोघा भावांना ठाऊक होते, पण सांगायचे राहून गेले. पुढे खोऱ्याच्या डागणीत, म्हणजे गुरांवर मालकीचे डाग देतात तेव्हा, ते आमच्या गाईमागे चालले, आणि वासरू जिच्यामागे जाते तिच्या मालकाचा डाग त्यावर उमटतो.

"एफ्राइम, हा पांढरा कान माझ्या गाईचा आहे!" ज्यूबल म्हणाला.

"गाय सांगेल ते खरं," मी सर्वांदेखत म्हणालो. सायलसने मान खाली घातली. त्या दिवसापासून खोऱ्याने ज्यूबलला खोटारडा ठरवले. त्याने सायलसच्या टोपीला गोळीने भोक पाडले; आम्ही त्याची गवताची गंजी जाळली. मी ओढ्याला कुंपण घातले आणि त्याची गुरे पाण्यासाठी सात मैल चालू लागली. कुंपणाच्या फळीवर त्याने आमच्याविषयी जे रंगवले, त्यातील शुद्धलेखनाच्या चुका मी त्याच दिवशी दुरुस्त केल्या. मजकूर तसाच ठेवला, कारण तो खरा होता.

कलम ४. ओढा व त्याकाठची चाळीस एकर जमीन माझ्या पश्चात ज्यूबलला मिळावी, आणि कलम ३ डागणीच्या वेळी सर्वांसमोर वाचावे.

पुरवणी. वरील मसुदा मी ज्यूबलला कुंपणापाशी वाचून दाखवला. त्याने आपल्या गुरांकडे बोट दाखवले.

"म्हणजे लेका, मी तुझ्या मरणाची वाट बघत बसू? गुरं आज तहानलीत."

"कायद्याप्रमाणे..."

"कायदा घाल चुलीत. पक्कड आणलीस का?"

मी आणली नव्हती. त्याच्याकडे होती. तारा आम्ही दोघांनी तोडल्या. गेल्या शनिवारी शरदातल्या डागणीला मी कलम ३ स्वतः वाचले. माझा आवाज दोनदा बसला, तेव्हा ज्यूबल ओरडला, "मोठ्यानं वाच रे म्हाताऱ्या, मागच्यांना ऐकू येत नाही!"

जमिनीचे दानपत्र सोमवारी नोंदवले. सबब कलम ४ पूर्ण झाले असून ज्यूबलला या मृत्युपत्रान्वये काहीही मिळत नाही; म्हणूनच तो साक्षीदार होण्यास पात्र आहे.

सही: एफ्राइम लॉक्रिज
सेजवेल खोरे, १४ ऑक्टोबर १९०९

साक्षीदार:
१. हॉरेस पिमब्रोक, पोस्टमास्तर
२. ज्यूबल टॅकेट, ज्यांचा शब्द या खोऱ्यात खरा मानला जातो