प्रश्न चौदा

३ फेब्रु.
सर्व्हेची गल्ली ठरली. आमचीच. विषय: विडी वळणाऱ्या बायका आणि त्यांच्या मुलींचं शिक्षण. दर पाचवं घर घ्यायचं. पिठाच्या गिरणीपासून मोजत आलो. पाचवं, दहावं, पंधरावं... पंधरावं आमचं. पुन्हा मोजलं. आमचंच.

सरांना म्हटलं, माझं घर आहे, दुसऱ्या जोडीला द्या. म्हणाले, "दुसऱ्या कुणाला तेलुगू येतं का? मग? सॅम्पल म्हणजे सॅम्पल. उलट चहा मिळेल." सगळे हसले. मीही हसले. त्याचाच जास्त राग येतोय.

५ फेब्रु.
आज आमच्या घरचा फॉर्म भरला.

माझी जोडीदार अस्मा विचारणार, मी लिहिणार, असं ठरलेलं. अम्मा सूप मांडीवर घेऊन विड्या वळत होती. मराठी येतं तिला, पण परकं माणूस आलं की तेलुगूत शिरते. प्र. १४. मुलीला कुठपर्यंत शिकवणार? मान वर न करता म्हणाली, "मूडेंड्लु सालु." तीन वर्षं बास. पुढे म्हणाली, भिवंडीचं स्थळ आहे, दसऱ्याला येऊन बघून गेलेत, बापूनं, हिच्या बापानं, होकार दिलाय.

दसऱ्याला! बापूचे ओळखीचे म्हणून आले होते ते. मीच चहा नेऊन दिला त्यांना.

अस्मा म्हणाली, "क्या बोले अम्मा?"
म्हटलं, एम.ए.पर्यंत शिकवणार म्हणते. आणि तेच लिहिलं. निळ्या पेनानं, ठळक.

६ फेब्रु.
पाच वर्षांचा कोर्स आहे हे ॲडमिशनलाच सांगितलं होतं. बी.ए., एम.ए. एकत्र. तेव्हा बापू गल्लीभर पेढे वाटत फिरला. मधल्या मधे बी.ए. घेऊन बाहेर पडता येतं, हे त्याला कुणी सांगितलं कोण जाणे. मरो तो.

अम्माला विचारलं, मला का नाही सांगितलं?
"सांगितलं की काल."
"ते तू अस्माला सांगितलंस!"
"तू तिथंच होतीस ना."
म्हणजे मुद्दाम. मला सांगायची छाती नव्हती म्हणून फॉर्मला सांगितलं. विवाहसंस्थेवर दहा मार्कांचं उत्तर पाठ केलेली मी. आणि माझ्या लग्नाची बातमी मला प्रश्नावलीतून.

जेवले नाही. कुणी आग्रहही केला नाही.

१२ फेब्रु.
सरांनी वर्गात काही फॉर्म वाचले. माझाही. "बघा, आई स्वतः विडी वळते, पण मुलीला एम.ए. करणार. बदलती मानसिकता." फळ्यावर लिहिलं. खाली दोन रेघा ओढल्या. अस्मानं माझा हात दाबला. तिला वाटलं, मला आनंद झालाय. ओरडावंसं वाटलं, पुसा ते! ओरडले नाही. सर त्यावर पेपर लिहिणार म्हणे.

फॉर्म परत मिळाले. माझ्या फॉर्मवर लाल शेरा: उत्तरदात्याची सही नाही. उत्तरं वाचून दाखवून सही आणावी.

वाचून दाखवून.

१४ फेब्रु.
बापूनं विचारलं, "बाहेर पडायचा तो फॉर्म आणलास का? पालकाची सही लागते म्हणे." आणलाय. दप्तरात आहे. दोन्ही फॉर्म एकाच फायलीत. म्हटलं, नाही आणला. ह्या आठवड्यात किती खोटं बोलले मी. आणि घरात खोटारडी मी एकटीच आहे का?

अम्माची सही आपण मारावी असं मनात आलं. तेलुगूत सही करते ती, तीन अक्षरं, मलाही येतात. फॉर्म घेऊन बसलेही. नाही मारली. एक खोटं निस्तरत नाहीये, त्यात दुसरं कशाला.

१६ फेब्रु., संध्याकाळ
वाचून दाखवलं.

पहिले तेरा प्रश्न ती हूं हूं करत ऐकत होती, हात चालूच. चौदावा आला. मी वाचलं: एम.ए.पर्यंत. पाच वर्षं पूर्ण.
हात थांबले. अर्धी वळलेली विडी तशीच बोटांत.
"मी असं म्हणाले?"
"नाही."
"मग लिहिलंस कशाला?"
म्हटलं, तू म्हणायला हवं होतंस म्हणून लिहिलं. आवाज चढला माझा. म्हटलं, सर खूष झालेत तुझ्यावर, वर्गात तुझं कौतुक झालं, फक्त ती बाई तू नाहीस. आणि रडायला आलं, ते नको होतं.

तिनं विडी पुरी वळली, दोरा बांधला, सुपात टाकली. मग म्हणाली, "चौदावं परत वाच." वाचलं. "आणखी एकदा." वाचलं.
"पेन दे."
दिलं. पेन हातात धरून बसली. सही केली नाही.
"आधी हे बापूला वाचून दाखव. माझ्यासमोर. मी असंच म्हणाले म्हणून सांग."
"आणि तो तुला विचारेल तेव्हा?"
"तू वाच तर."

बापू सातला कारखान्यातून येतो. पावणेसात झालेत. अम्मानं सूप भिंतीशी सरकवलंय, कधी नव्हे ते. फॉर्म माझ्या पुढ्यात आहे. पेन अजून तिच्याच हातात.