चौथीची भिंत

सोम., १३ एप्रिल

नंतर घोळ नको म्हणून क्रमाने.

१. आज जि. प. शाळेची खोली क्र. १ तपासली. मोहोळ तालुका. दगड-मातीचं बांधकाम, वर पत्रा. शाळेची सर्वांत जुनी खोली.

२. उत्तरेकडच्या भिंतीला पोट आलंय. ओळंब्याची दोरी सोडली. वरपासून खालपर्यंत ६२ मिमी फरक. कोपऱ्यातली भेग आरपार.

३. निष्कर्ष: धोकादायक. दुरुस्ती शक्य नाही. पाडावी. तोवर आत कुणी जाऊ नये.

४. याच खोलीत मी पहिली, दुसरी आणि अर्धी तिसरी शिकले. शिकवायला आई होती. हे कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

अहवालात "उत्तर बाजू" लिहिलं. गावात तिला चौथीची भिंत म्हणतात. तेव्हा एक खोली, एक बाई, चार वर्ग. प्रत्येक वर्ग एकेका भिंतीकडे तोंड करून बसायचा. वर्ष संपलं की पुढच्या भिंतीकडे वळायचं. आईची खुर्ची चौथीच्या भिंतीला. म्हणजे फक्त चौथीची मुलं तिच्या समोर, बाकीच्यांना ती बाजूला नाहीतर पाठीमागे. हजेरीला मीही "उपस्थित बाई" म्हणायचे.

चौथीच्या भिंतीपर्यंत मी पोचले नाही. तिसरीच्या दिवाळीनंतर बाबांनी मला सोलापुरात नेलं, भवानी पेठेत. त्यांची नोकरी चिंचोळी एमआयडीसीत. आईची बदली होईल, तीही येईल, असं ठरलं होतं. ती आली नाही. निवृत्तीपर्यंत तिथेच शिकवलं. शनिवारी दुपारी यायची, सोमवारी पहाटे जायची.

बुध., १५ एप्रिल

हेडमास्तर शिंदे सरांचा फोन. नवी खोली मंजूर आहे, जुनी पाडायला गाव तयार नाही. "मॅडम, तुम्हीच येऊन सांगा. मला म्हणतात, सर, तुमी बदलून जाल, भिंत हितंच ऱ्हाणार हाय."

शनिवारी जाणार. आकडे छापून न्यायचे.

जाताना मोहोळ लागेल. आई तिथेच राहते, स्टँडमागे, एकटी. बाबा जाऊन तीन वर्षं झाली, तरी सोलापूरला आली नाही. फोन करावा का, हा प्रश्न पाऊण तास. केला नाही.

शनि., १८ एप्रिल

शाळेच्या अंगणात बैठक. तीसेक माणसं. मुख्य विरोध मल्लिनाथआण्णांचा. ऐंशीच्या पुढचे, पूर्वी शाळा समितीचे अध्यक्ष.

"ओढ्यातला दगूड हाय ह्यो. माझ्या बापानं गाडी जुंपून आणलाय. त्याच्या आदी शाळा मारुतीच्या देवळात भरायची. शनिवारी तेल घालाय गर्दी झाली की मास्तर पोरं घिऊन झाडाखाली. म्हणून गावानं ही खोली बांधली. आन तुमी एक दोरी सोडून म्हणताय, पाडा."

मी म्हटलं, दोरी सरळ आहे. भिंत नाही.

मागून शांताबाई, पोषण आहार शिजवतात त्या: "आण्णा, तुमी तरी कुटं सरळ हाय? तुमाला दिसतंय का त्ये?" सगळे हसले. आण्णाही.

मग शांताबाईंना भिंतीच्या बाहेरच्या अंगाला उभं केलं. मी दारातून आत गेले (नियम मीच लिहिलाय, तरी दोन मिनिटं) आणि दोन फुटी पट्टी भेगेत सरकवली. दुसरं टोक त्यांच्या हातात आलं. त्यांनी नुसतं "आगं बया" म्हटलं.  आण्णांनी ठरावावर पहिली सही केली.  

निघताना आण्णा गाडीपाशी आले.

"बाईंची पोरगी न्हवं तू?"

"हो."

"मगाशीच वळाकलं. भांडताना आवाज चढत न्हाय, बाईंवानीच. तुज्या आईची बदली आमी हाणून पाडली, ठावं हाय का?"

नव्हतं.

त्यांनी हसत हसत सांगितलं. मी सोलापूरला गेले, त्याच्या पुढच्या जूनमधली गोष्ट. आईनेच अर्ज केला होता. सोलापूरजवळच्या शाळेचा हुकूम आला. तिने चार्ज दिला, सामान टेम्पोत भरलं; नव्या शाळेत रुजू व्हायला अजून थोडे दिवस होते. गावाने नव्या मास्तरांना फाटकातूनच परत पाठवलं आणि शाळेला टाळं ठोकलं. बाई परत येईपर्यंत शाळा बंद.

"आठ दिस टाळं. नवव्या दिशी आमी चौघं तुमच्या घरी आलो, भवानी पेठंत. तू शाळंत गेलती.  बाई म्हणाल्या, किल्ली आणलीय का? आणली हुती की."

थोडं थांबून: "वाईट केलं का गं आमी?"

मी म्हटलं, शाळेला टाळं लावणं बेकायदेशीर आहे. ते पुन्हा हसले. 

रवि., १९ एप्रिल

ते आठ दिवस मला आठवतात. आजवर कशात बसत नव्हते.

जून. मी सोलापुरात चौथीत. आई घरी. सुट्टी नसताना घरी. रोज सकाळी दोन वेण्या, घट्ट. शाळेच्या फाटकापर्यंत सोडायला. संध्याकाळी घ्यायलाही. दारात दोन पत्र्याच्या पेट्या होत्या, त्या उघडल्या नव्हत्या. मी कुणाला काही विचारलं नाही. विचारलं तर ती जाईल, असं वाटायचं. एवढंच पक्कं आठवतं.

नवव्या दिवशी शाळेतून आले. पेट्या नाहीत. बाबा म्हणाले, "तिला तिची शाळा पुरे."

अर्जाबद्दल ते बोलले नाहीत. तीही नाही. म्हणजे इतकी वर्षं मी एक मोजमाप चुकीचं धरून पुढची सगळी गणितं…

मंगळ., २१ एप्रिल

आईला फोन केला. जसं झालं तसं:

"ती खोली पाडतायत. अहवाल माझा आहे."

"कुठली भिंत?"

"चौथीची."

"तिला पावसाळ्यात ओल यायची. तीनदा लिहून दिलं होतं मी. नीट मोजलंस ना?"

"दोनदा."

"मग झालं."

पलीकडे कुकरची शिट्टी.  तिने विचारलं, जेवलीस का. म्हटलं, हो. जेवले नव्हते.

टाळ्याचं विचारायचं होतं. वाक्य कागदावर लिहून समोर ठेवलं होतं. वाचता आलं नाही.

शुक्र., २४ एप्रिल

पाडकामाचा आदेश आला. १ मेला झेंडावंदन आणि निकाल, मग सुट्टी. सोम. ४ मेला काम सुरू.

शिंदे सर म्हणाले, खोलीत जुनं फर्निचर आहे, यादी करून बाहेर काढतो. त्यात बाईंची खुर्ची असेल, तर वेगळी ठेवा, असं मी सांगितलं. कुणाच्या बाईंची, असं त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी काय म्हणाले असते, ते माहीत नाही. त्या गावात निदान सातशे माणसं तिला "आमच्या बाई" म्हणतात. मला त्या यादीत असायचं होतं. चौथीच्या हजेरीपटावर, एक वर्ष. दुसरं काही नाही.

रवि., २६ एप्रिल

चार मसुदे खोडले. हा पाठवला. प्रत इथे:

आई,

खोली क्र. १ सोमवारी, ४ मेला पाडणार. त्याआधी शनिवारी, २ मेला मी तिकडे जातेय. तू माझ्याबरोबर यावंस, असं मला वाटतं. सकाळी आठला तुझ्या दारात गाडी आणेन. आत जाता येणार नाही. दारातून सगळं दिसतं.

टाळ्याचं आण्णांनी सांगितलं. तू अर्ज केला होतास, हे मला आत्ता कळलं. मी रागावलेली नाही. तू परत का गेलीस आणि मला का सांगितलं नाहीस, ते मला तुझ्याकडून ऐकायचंय. गाडीत सांगितलंस तरी चालेल. नाही सांगितलंस तरी ये.

येतेस की नाही, ते गुरुवारी, ३० तारखेला संध्याकाळपर्यंत कळव.