तवा एकच आहे

बाई, आज तुमची आठवण आली ती किळस येऊन. आमच्या संस्थेतल्या महासंगणकावर रोज पहाटे मुसी नदीच्या पुराचा अंदाज काढतात. हजारो प्रोसेसर गणित वाटून घेतात, पण दर टप्प्याला एकमेकांच्या उत्तरासाठी थांबतात. म्हणून आम्ही यंत्राचा थोडाच भाग वापरतो. त्याहून जास्त लावला की उलट वेळ वाढतो. तुम्ही हे फळ्यावर शिकवलंत तेव्हा माझ्या डोक्यावरून गेलं होतं. मग होळीला बरकतपुऱ्यात तुमच्या स्वयंपाकघरात आम्ही विद्यार्थिनी झाडून सगळ्याजणी पुरणपोळ्या लाटायला बसतो, लाटलेल्या पोळ्या पोळपाटालाच चिकटायला लागतात, आणि तुम्ही ओरडता, "अगं बायांनो, तवा एकच आहे! निम्म्या उठा बघू." तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला.

आमच्या संचालकांना आणखी मोठं यंत्र हवंय. त्यासाठी पैसे मंजूर करणाऱ्या समितीला आलेख दाखवायचा, की जितके प्रोसेसर तितक्या पटीने वेग. तर या गृहस्थांनी काय करावं? प्रोग्राम भरभर चालवणारे कंपायलरचे सगळे पर्याय बंद केले! प्रत्येक प्रोसेसर रेंगाळू लागला, त्यात थांबणं लपून गेलं आणि रेघ सरळ वर गेली. म्हणजे लाटणाऱ्यांनाच हळू लाटायला सांगायचं. तव्यापाशी कुणी ताटकळलेलं दिसत नाही, जेवणं संध्याकाळी होईनात का! वर हाच प्रोग्राम रोजच्या अंदाजाला लावणार होते. अंदाज येईपर्यंत नदीकाठच्या घरांत पाणी शिरलेलं असायचं. मी बोलले, तर हसण्यावारी नेत म्हणाले, "लाइट लो मॅडम, ग्राफ अच्छा दिख रा ना?" शी! त्यांच्या हातचा चहासुद्धा नकोसा झाला.

आज समितीपुढे आलेख झळकला, टाळ्या पडल्या. मी उठले आणि म्हटलं, "वेग किती पट ते राहू द्या, प्रत्यक्ष वेळ किती लागला ते सांगा." संचालक पुन्हा आलेखाकडेच बोट दाखवू लागले. समितीने आलेख परत पाठवला. पुराचा अंदाज जुन्याच पद्धतीने निघणार. संध्याकाळी माझं लॉगिन बंद झालं. ज्यांनी पाठ थोपटायची, ते सहकारी लिफ्टमध्ये मोबाइलमध्ये तोंड खुपसून उभे होते. घाण वाटली, बाई.

हे कुठल्या पत्त्यावर पाठवू? तुम्ही गेल्यापासून बरकतपुऱ्याच्या घरी दुसरेच लोक राहतात. पण तुम्हाला म्हणून सांगते, उठले तेव्हा नदीकाठ माझ्या डोक्यातही नव्हता. मागच्या रांगेत तुमच्यासारख्याच पांढऱ्या अंबाड्याची कुणी बाई बसली होती. मला वाटलं, तुम्हीच. आता ओरडाल म्हणून घाबरून उठले मी.