फक्त जिवंतांची नावं

त्स्काल्तुबो, २९ मार्च १९९६

चि. एलिसो हिस त्सियालामावशीचे अनेक आशीर्वाद.

तुझा छापील अहवाल बसड्रायव्हरने आणून दिला. आम्हा निर्वासितांवर एवढं लिहिण्यासारखं असतं, हे नवलच! मदतीच्या मकरोनीत किडे निघतात हेही छापलंस, शाबास. काकांचं नाव तू ‘वानो’ केलंस, तेव्हापासून ते दुसऱ्या नावाला ओ देत नाहीत. लाडावलेत नुसते.

पण यंदाही ईस्टरला नदी ओलांडून गावी जाणार म्हणतात. लढाईत गेलेल्या आपल्या बेकाला कबरीत एकटं ठेवून इथे निर्वासितांना दिलेल्या सॅनेटोरियमच्या खोलीत सण करायचा का, असं विचारतात. पोराचं नाव काढलं की माझं काही चालत नाही. गाव आता पलीकडच्यांच्या ताब्यात, त्यांचे शिपाई आपल्यातला दिसेल त्याला धरतात. तूच चार शब्द लिही. शिकलेल्या भाचीचं ऐकतील.

लोभ आहेच, तो वाढवायला एकदा येऊन जा.

तुझी मावशी

त्बिलिसी, १० एप्रिल

ती. मावशीस सा. न.

काकांना अडव. जोडे लपव, दाराला कुलूप घाल, काहीही कर. माझा अहवाल पलीकडच्या वर्तमानपत्राने छापलाय. मी जिवंतांची सगळी नावं बदलली, पण बेकाचं तेच ठेवलं. गेलेल्याचं नाव घेऊन त्याच्या आठवणीत आपण पेला उचलतो. ते खोटं लिहायला हात धजेना. बाप दर ईस्टरला त्याच्या कबरीवर ईस्टरची लाल अंडी घेऊन जातो, हेही मीच लिहिलं. बेकाची कबर गावात कोणीही दाखवेल. माझी अक्कल कुठे गेली होती, मावशी? शनिवारच्या आत पत्र पोचव म्हणून ड्रायव्हरच्या पाया पडलेय.

तुझी एलिसो

त्स्काल्तुबो, ३ मे

चि. एलिसोस आशीर्वाद.

बस वाटेत बंद पडली. तुझं पत्र मंगळवारी आलं. हे शनिवारीच निघाले होते.

काल पलीकडून हेझलनट विकणारी बाई आली. शिपाई कबरीपाशीच बसून होते म्हणे. बेकाचा बाप तूच का, एवढंच त्यांनी विचारलं. यांनी हो म्हटलं. नाही म्हणून सुटता आलं असतं, असं ती म्हणत होती. पोराच्या कबरीसमोर उभं राहून नाही कसं म्हणतील गं?

गावातल्या आपल्या जुन्या शेजारणीने त्यांना बेकाच्या बाजूलाच पुरलं. मदतवाल्यांनी आज माझं शिध्याचं कार्ड बदलून एकट्या बाईचं करून दिलं.

मला तुझा फार राग आलाय, खोटं कशाला बोलू? पण तो बोलून दाखवायलाही तुझ्याशिवाय कोणी उरलेलं नाही. पहिल्या बसने ये.

तुझी मावशी