शेवटचे शब्द गायचे नसतात

१० ऑक्टोबर, गुरुवार
लोरेटाच्या डोक्यात काय शिरलंय देव जाणे! मंगळवारी तिच्या गळ्यातलं स्वरयंत्र काढणार आहेत. कॅन्सर, दुसरा इलाज नाही. आणि बाई म्हणते, शनिवारी शहरात, सेंट जॉन्सला जायचं! तिथं 'किलिक' बँडवाल्या पोरांचा कार्यक्रम आहे म्हणे. आपलीच जुनी गाणी, अकॉर्डियन, फिडल, आणि वर ते कानठळ्या बसवणारे ड्रम. मी म्हटलं, अगं, जरा पडून राहा की घरात. तर म्हणाली, "पडायला पुढं आयुष्य पडलंय. तू गाडी धुऊन ठेव, डल्सी."

डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय, गाणं कायमचं जाणार. बोलणं कदाचित येईल, गळ्याला यंत्र लावून.

शाळेपासून ऐकतेय तिला. आमच्या खाडीवर लग्न असो की मयत, लोरेटा गायल्याशिवाय कोणी खुर्ची सोडत नाही. मंगळवारनंतर काय, हा विचारच करवत नाही मला.

११ ऑक्टोबर
गाडी धुतली. नंतर पाऊस आला. नेहमीचंच!

१३ ऑक्टोबर, रविवार
राग गेलेला नाही, म्हणून आत्ताच लिहिते.

हॉल खचाखच भरलेला. सगळी पोरंसोरं, आम्ही दोघीच म्हाताऱ्या. लोरेटा लाल कोट घालून आलेली, गालात पेपरमिंटची गोळी. दुसऱ्याच गाण्याला एका ताडमाड पोराला धरून नाचायला लागली! तो बिचारा घामाघूम. "दमलास? तुझा आजा माझ्याबरोबर पहाटेपर्यंत नाचायचा!" मी हसत होते.

मग त्यांच्या डॉर्मनने — तो गातो, आमच्याच खाडीवरचा — माईकवर सांगितलं, "जिच्याकडून आम्ही निम्मी गाणी चोरली ती बाई समोर बसलीय." सगळे पाय आपटायला लागले. लोरेटा वर गेली. "ड्रम बंद कर आधी. मेलेय का मी अजून?" सगळा हॉल हसला.

तिने तिच्या बापाने रचलेलं गाणं घेतलं. त्याचा भाऊ धुक्यात वाट चुकतो, नुसत्या लाटांच्या आवाजावर होडी वल्हवत घरी येतो, ते. आवाज चिरका झालाय, मधेच तुटतो. पण काय गायली! बिअरच्या काउंटरवरची माणसंसुद्धा ग्लास ठेवून पुढं आली.

आता आमच्याकडे शेवटचे शब्द गायचे नसतात. चाल सोडून द्यायची आणि साधं बोलायचं, 'मीठ दे गं' म्हणावं तसं. ते ऐकलं की गाणं संपलं, मग टाळ्या. लहानपणी डॉर्मनने एकदा शेवटपर्यंत गायलं, तर हिनेच सगळ्यांदेखत त्याचा कान पिळला होता.

आणि काल हीच बाई "वर आला तो, दार ढकललं, आणि" इथवर आली — आणि थांबली! तोंड मिटून उभी. हॉल वाट बघतोय. मला वाटलं, विसरली! मी अर्धी उठले, ओठ हलवून सांगायला लागले, तर असे डोळे वटारले की मी मटकन खाली बसले. मग शांतपणे पायऱ्या उतरून आली. टाळी वाजवावी की नाही, कोणालाच कळेना. डॉर्मन हुशार, त्याने लगेच नाचाची गत सुरू केली.

परत येताना गाडीत विचारलं, "विसरलीस?"
"बापाचं गाणं विसरेन मी?"
"मग?"
"रस्ता बघ. मूस हरीण आडवं येईल."

आयुष्यातलं शेवटचं गाणं, आणि ते अर्धवट! घाबरली असणार. शेवट म्हटला की खरंच सगळं संपेल, असं वाटलं असेल. पण मला फार वाईट वाटलं. तिच्याकरता, आणि खरं सांगायचं तर माझ्याकरताही. मला ते पुरतं ऐकायचं होतं.

१५ ऑक्टोबर
झालं. जिवंत आहे. गळ्याला भोक. मी बाहेर येऊन रडले.

२ नोव्हेंबर
लोरेटा घरी आली. शाळेतल्यासारखी पाटी घेऊन बसते आणि तीवर लिहून शिव्या देते, स्पेलिंगसकट चोख! गाणं अर्धवट का सोडलंस, ते मी पुन्हा विचारलं. पाटीवर आलं, 'चहा कर. डब्यातलं दूध घाल, कंजूष.'

बोलायचं यंत्र दिलंय. गळ्याला टेकवून धरायचं. नर्स म्हणाली, सवय झाली की बोलाल, गाता मात्र यायचं नाही. लोरेटाने एकदा लावलं, बें बें असा काहीतरी आवाज आला, यंत्र तडक खणात. 'शेळी बरी,' पाटीवर.

८ डिसेंबर
लोरेटाकडे गेले होते. दार आतून बंद. बराच वेळ वाजवलं तेव्हा उघडलं. तोंड लाल, केस विस्कटलेले. पाटीवर 'झोपले होते.' थापा मारते!

१९ जानेवारी
सकाळी फोन. घरघर, पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा आवाज, ना बाईचा ना बाप्याचा. कोणीतरी काहीतरी विकत असेल, ठेवणारच होते. तर तो आवाज म्हणाला, एकेक शब्द सुटा, मीठ मागावं तसा —
"चुलीत. अजून. विस्तव. होता."

फोन मानेत दाबून धरला आणि टाळ्या वाजवल्या. हात दुखेपर्यंत.