मडकं फुटल्याचा आवाज

आबा, माझ्या कामाला तुम्ही कधी काम म्हटलं नाहीत. गारखेड्यातल्या खोलीत भिंतींना गाद्या लावून मी सिनेमातले आवाज करते, हे कळल्यावर म्हणाला होतात, "आवाज तं आपसूक व्हतेत, त्याला मानूस कशाला लागतंय?" मी हसले होते. पण कान तुमचेच आलेत माझ्याकडे. गंगापूरकडे शेळ्या चारताना तुम्ही मला डोळे मिटायला लावायचात आणि कोणती शेळी गवतात शिरली ते ओळखायला सांगायचात. चुकले की डोक्यात टपली. आज जुन्या कॅसेटच्या फितीवर पाय घासून मी ते गवत करते आणि लोकांना ते खरं वाटतं.

मागच्या महिन्यात एका सिनेमात प्रसंग आला. मुलगा बापाच्या चितेभोवती फिरतो आणि खांद्यावरचं मडकं सोडतो. मी मडकं फरशीवर आपटलं. दिग्दर्शक ऐकून म्हणाला, "मॅडम, ही तर दहीहंडी झाली." तो आवाज मी कधी ऐकलेलाच नव्हता. मी तुमची एकुलती एक, तरी तुम्हाला नेलं तेव्हा काकांनी उंबऱ्यातच अडवलं. "बायामानसं मसनात येत नसतेत. मडकं पुतन्या धरंल." तिरडी वळणाआड गेली आणि मी घरात बसून राहिले. काका आता थकलेत, तरी त्यांचा राग येतो मला.

शेवटी तुमचं मडकं धरलेल्या त्याच चुलतभावाला फोन केला. कसा येतो रे तो आवाज?

"लई मोठा नाय येत, आक्का. मडकं वल्लं असतंय, पानी गळत असतंय. सोडायचं आन् मागं बघायचं नाय." मग म्हणाला, "आबाच्या टायमाला तं फुटलंच नाय. खाली माती मऊ व्हती. कुनीतरी वरून दगड घातला."

इतकी वर्षं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. फोन ठेवला आणि पोटभर रडले.

दुसऱ्या दिवशी दार लावून घेतलं, माईक चालू केला. भरलेलं मडकं खांद्यावर घेऊन खोलीत फेऱ्या मारल्या आणि सोडलं. पहिल्याच वेळी फुटलं. दिग्दर्शकानं तोच आवाज घेतला. आता पडद्यावर मडकं मुलाच्या खांद्यावरून पडतं, आवाज मात्र माझ्या खांद्यावरच्या मडक्याचा आहे.

हे पत्र कुठं पाठवणार? राहील खणात पडून. मला वाटलं होतं, फुटल्यावर मोकळं वाटेल. नाही वाटलं, आबा. मी लगेच मागं वळून बघितलं.